चाळीस मुलं आणि एक ड्रॉपडाउन

सहावीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवायला मला तीन आठवडे लागले. ते कसे शिकवले हे पोर्टलवर भरायला सव्वा महिना. राग अजून पुरता उतरलेला नाही, तेवढ्यात लिहून टाकते.

एक ऑनलाइन प्रशिक्षण केलं होतं. विषय, तंत्रज्ञान वापरून बहुविध बुद्धिमत्तेच्या मुलांना शिकवणं. व्हिडिओ पाहिले, चाचण्या दिल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शेवटचा टप्पा प्रकल्पाचा होता : वर्गात करून बघा आणि अहवाल चढवा. पण अहवालाचं बटण उघडायच्या आधी एक तक्ता. प्रत्येक मुलाच्या नावापुढे 'बुद्धिमत्ता प्रकार' असा रकाना आणि त्यात ड्रॉपडाउन. पर्याय चार : दृक्, श्राव्य, वाचन-लेखन, कृतिशील. त्यातला एकच निवडायचा. वर लाल चांदणी, म्हणजे रिकामा सोडायची सोय नाही.

इथे घोडं अडलं. मुळात मथळा एकाचा आणि पर्याय भलत्याचेच. बुद्धिमत्ता एकच नसते, अनेक प्रकारची असते, हा सिद्धांत मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडला तेव्हा भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक अशा सात बुद्धिमत्ता सांगितल्या होत्या. निसर्गविषयक ही आठवी नंतर आली. दृक्-श्राव्य त्यात कुठेच नाही. ते चार कप्पे नील फ्लेमिंग यांच्या 'व्हार्क'चे, म्हणजे माहिती कशा रूपात घ्यायला आवडते याचे. या दोन गोष्टी एक नाहीत, हे खुद्द गार्डनर यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे लिहिलंय. प्रशिक्षण देणाऱ्यांनी ते वाचलं नसावं.

तरी मी इमानदारीत सुरुवात केली. व्हार्कची सोळा प्रश्नांची प्रश्नावली मुलांना सोपी करून सांगितली आणि भरून घेतली. गंमत म्हणजे त्या प्रश्नावलीत एका प्रश्नाला एकाहून जास्त उत्तरं चालतात आणि 'मिश्र' असा निकालही येतो. निम्म्याहून जास्त मुलं मिश्रच निघाली. एका मुलीने आठवड्याने पुन्हा भरली तर उत्तर बदललं. मी कारण विचारलं. म्हणाली, "त्या दिवशी माझा घसा बसला होता ना, म्हणून बोलायचं काहीच निवडलं नाही."

तक्ता भरत भरत सतराव्या नावाशी आले आणि हात थांबला. या मुलाला १/४ हा १/३ पेक्षा मोठा वाटायचा, कारण चार तीनपेक्षा मोठा. व्हिडिओ दाखवला, मान हलवली, चाचणीत पुन्हा तेच. मग जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये एक वर्तुळ केलं आणि छेदाला स्लायडर लावला. त्याने छेद तीनवरून चार, पाच, आठ, बारा असा नेला, परत मागे आणला, पुन्हा नेला. दहा मिनिटं एक शब्द नाही. मग लिहायला सांगितलं तर नको म्हणाला, म्हणून मोबाइलचा रेकॉर्डर हातात दिला. त्यात त्याचा आवाज : "छेद वाढला की वाटेकरी वाढतात, मग प्रत्येकाचा तुकडा बारीक होतो." मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी २/३ मोठा की ३/४, असं विचारलं तर स्क्रीनकडे बघेना. चौकटीच्या कागदाची बारा घरांची पट्टी कापली, एकीकडे आठ घरं रंगवली, दुसरीकडे नऊ, आणि पट्टी माझ्यापुढे धरली.

आता सांगा, या पोराला कुठल्या खणात टाकू? मी विचार करत बसले आणि तेवढ्यात पोर्टलने बाहेर काढलं. वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा. सोळाही नावं गेली.

हे आधी सांगायला हवं होतं : असा तक्ता थेट पोर्टलवर कधीच भरू नका. आधी एक्सेलमध्ये भरा, मग बघून उतरवा. आणि पुराव्याची फाइल दोन एमबीच्या आत लागते, हे सूचनांत नाही, नाकारल्यावर कळतं. त्याचं ते रेकॉर्डिंग मी तीनदा लहान करून चढवलं.

मदतकक्षाला लिहिलं : मुलं मिश्र आहेत, काय निवडू? नऊ दिवसांनी उत्तर, "कृपया योग्य पर्याय निवडावा." पुन्हा लिहिलं. २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं संशोधन तपासलं होतं आणि प्रत्येकाच्या शिकण्याच्या शैलीनुसार (म्हणजे दृक्, श्राव्य वगैरे) वेगळं शिकवल्याने मुलं जास्त शिकतात याला पुरेसा आधार मिळाला नव्हता, हेही कळवलं. तेवढाच आगाऊपणा. उत्तरात तेच वाक्य, यावेळी ठळक अक्षरांत.

वर्गात मात्र मी सगळ्यांपुढे सगळंच ठेवत गेले. स्लायडर, पट्ट्या, रेकॉर्डर, लिहिण्याची वही. ज्याला जे हवं ते उचला, उद्या बदला. उपकरणं पाचच होती, म्हणून गट फिरवावे लागले. फेट (PhET) या संकेतस्थळावरचे गणित-विज्ञानाचे सिम्युलेशन घरूनच उतरवून नेले, ते नेटशिवाय चालतात. नाहीतर तासातली पंधरा मिनिटं ते चाक फिरताना बघण्यात जातात. आणखी एक खोड माझी मीच मोडली : पडद्यावर परिच्छेद लावून तोच मोठ्याने वाचायचा. मुलं धड ऐकत नाहीत, धड वाचत नाहीत. चित्र ठेवा आणि बोला.

तिसऱ्यांदा पोर्टलने बाहेर काढलं तेव्हा मात्र माझा संयम संपला. हजेरीपट उघडला आणि वरून खाली दृक्, श्राव्य, वाचन-लेखन, कृतिशील, पुन्हा दृक्, असं चाळिसाव्या नावापर्यंत भरून टाकलं. चार मिनिटं लागली. सबमिट. लगेच स्वीकारलं, वर माझ्या वर्गाचं एक गोल रंगीत चित्र, चार सारखे भाग, आणि खाली शेरा : 'संतुलित वर्ग. अभिनंदन.' प्रमाणपत्रही आलं.

चित्र छान होतं, म्हणून उजळणीच्या तासाला पडद्यावर लावलं. हा आपला चाळीस जणांचा वर्ग, एक रंग म्हणजे किती?

सतरा नंबरचा हात पहिला वर. "एक छेद चार. म्हणजे दहा जण." मग डोळे बारीक करून चित्राकडे बघत राहिला. "पण मॅडम, दहा कोण कोण?"

मी पुढचं चित्र लावलं.