छाती-कंबर नंतर, आधी धड

ठाण्यात नौपाड्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे. भरतनाट्यमचे पोशाख, लावणीच्या शिवलेल्या नऊवाऱ्या ही आमची जुनी कामं. हल्ली गडकरी रंगायतनला नाहीतर घाणेकर नाट्यगृहात डान्स क्लासचा कार्यक्रम ठरला की फोन येतात, "काकू, मॅडमनी लिओटार्ड सांगितलंय. छाती-कंबर सांगते, लिहून घ्या ना." लिओटार्ड म्हणजे नाचाचा, अंगाला घट्ट बसणारा अखंड पोशाख. त्याचं माप फोनवर नाही गं, मुलीला घेऊन ये.

कारण इथे खरं माप धडाचं. टेप खांद्यावरून पुढून खाली, दोन पायांमधून, पाठीवरून परत त्याच खांद्यावर. पंजाबी ड्रेसला हे कुणी घेत नाही, म्हणून एरवी चांगला हात असलेले टेलरसुद्धा लिओटार्डला फसतात. दोघींची छाती 28 असली तरी लांब धडाच्या मुलीच्या खांद्यात पट्टे रुततात आणि आखूड धडाच्या मुलीला पोटावर चुण्या पडतात. कापड ताणतं म्हणून चालून जाईल, असं होत नाही.

लिओटार्डला पाय नसतात, खाली वेगळे टाइट्स घालायचे. ज्यूल लेओतार या फ्रेंच कसरतपटूचं हे नाव. 1859 मध्ये पॅरिसच्या सर्कशीत तो झुल्यांवरून झेपा घ्यायचा, ते असा अंगासरशी पोशाख घालून. मूळ गडी पुरुष, हे सांगितलं की मुली खिदळतात.

युनिटार्ड घोट्यापर्यंत अखंड. कंटेम्पररी नाचात जमिनीवर लोळण, सरपटणं असतं, तिथे तोच बरा. पोट-पाठ उघडी पडत नाही. फक्त बाथरूमला जायचं तर खांद्यापासून सगळं उतरवावं लागतं, आणि विंगेत पुढचा नंबर आपला असतो! माझी पसंती बाइकटार्डला, म्हणजे अर्ध्या मांडीपर्यंतचा. आयांचाही जीव भांड्यात पडतो. घट्टच का, असं त्या विचारतात. गुडघा, कंबर सरळ रेषेत आहे की नाही हे मॅडमना दिसायला हवं, म्हणून.

टाइट्स घेताना तळव्याला भोक असलेले घ्या. पाऊल झाकता येतं, अनवाणी नाचायचं तर तेच वर सरकवता येतं.

कापड मी दुकानातच उभं-आडवं ओढून बघते. दोन्हीकडे ताणलं पाहिजे आणि सोडल्यावर जागेवर आलं पाहिजे. ताणल्यावर रंग फटफटीत झाला तर थान परत. ही सगळी करामत लायक्राच्या धाग्याची. ड्युपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो 1958 मध्ये काढला. रोजच्या क्लासला कॉटन-लायक्रा मऊ, पण ठाण्याच्या घामात त्यावर काखेचे डाग उठून दिसतात. स्टेजला नायलॉन-लायक्रा, लवकर वाळतो, दिव्यात चमकतो. शिवण झिगझॅग किंवा ओव्हरलॉक, सुई बॉलपॉइंट, म्हणजे गोल टोकाची. सरळ टीप पहिल्याच स्प्लिटला, म्हणजे दोन्ही पाय पूर्ण फाकवून जमिनीवर बसलं की, तुटते.

ट्रायलला मी मुलीला आरशासमोर नुसती उभी करत नाही. हात वर, मग वाकणं, मग स्प्लिट. उठताना तिचा हात मागे कापड ओढायला गेला की इलास्टिक उसवायचं, पैसे नंतर घ्यायचे.