रेस दिली की थरथर, पाय काढला की गप्प

साताऱ्यात वाढे फाट्याजवळ माझं गॅरेज आहे, लिफ्ट एकच आणि हाताखाली एक पोरगा. मागच्या सोमवारी शटर वर करतोय तोवर कोरेगावकडचे एक सर येऊन उभे. शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर झालेत. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, 14 इंची चाकं. म्हणाले, "रेस दिली की थरथरते आणि पाय काढला की गप्प बसते, चढाला तर सीट हलते बघ."

मी बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत होतो म्हणून मधे ते दुसरीकडं जाऊन आलते. तिथं पुढचे दोन टायर नवे, बॅलन्सिंग दोनदा, अलाइनमेंट, प्लग एवढं सगळं झालतं आणि थरथर जशीच्या तशी. आता बघा, चाकाचं बॅलन्सिंग गेलं असलं तर त्याला तुमचा पाय रेसवर आहे का नाही याच्याशी काय देणंघेणं नसतं, ते 80-90 ला स्टेअरिंगमधे येतं आणि पाय काढला तरी राहतंच. सरांची गाडी 40 ते 60 मधेच हलत होती, ते पण फक्त जोर लावल्यावर. म्हणजे जोर जिथनं चाकापर्यंत जातो तिथंच कायतरी आहे, एवढं तरी मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

पण मी बॉनेट उघडलं. हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमधे क्लच अर्धा सोडला तर इंजिन चांगलं उसळलं, फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर फाटलेलं. सापडलं म्हणलं! बदलून दिलं, सर खुश होऊन गेले आणि बुधवारी परत दारात. उभी असताना गाडी आता लोण्यासारखी म्हणे, पण चढाला तेच. फाउंडेशन खरंच गेलेलं होतं पण दुखणं ते नव्हतं, आणि असे दोन बिघाड एकावर एक असले की माझ्यासारखा शहाणा पहिल्यावरच थांबतो.

मग सरांनाच शेजारी बसवून हायवेला ट्रायल मारली. पोरग्यानं त्याच्या मोबाईलमधे थरथर मोजायचं ॲप टाकलेलं, ते दोन सीटच्या मधे ठेवलं. 54 च्या स्पीडला हलका जोर देत तिसऱ्या गिअरमधे आकडा आला 25, म्हणजे सेकंदाला 25 हिसके. त्याच स्पीडला चौथा टाकला, परत 25 च. गिअर बदलला की इंजिनचे फेरे बदलतात, आकडा तर जागचा हलला नाही, म्हणून इंजिन संशयातनं सुटलं. मग टायर म्हणावं तर परत येऊन पुढची चाकं मागं टाकून बघितली, काय फरक नाही.

सर तोवर खिशातनं पेन काढून माझ्या बिलबुकाच्या मागं गणित मांडत होते. "चाक एका फेऱ्यात किती जातं रे?" टायरला खडूची खूण केली, गाडी ढकलली, टेपनं मोजलं, साधारण 1.8 मीटर. म्हणाले 54 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 15 मीटर, भागिले 1.8, म्हणजे चाकाचे आठ फेरे आणि वर थोडं. "25 ला यानं भाग. एका फेऱ्याला तीन हिसके येतायत. तुमच्यात तीनचं काय असतं?"

तिथं माझी ट्यूब पेटली. एक्सल म्हणजे गिअरबॉक्सपासनं चाकापर्यंत जोर नेणारा दांडा. त्याच्या आतल्या टोकाला, गिअरबॉक्सजवळ, जो जॉइंट असतो त्यात तीन पायांचा ट्रायपॉड असतो, प्रत्येक पायावर एक रोलर. बाहेरचा जॉइंट गेला की वळताना कट कट वाजतो म्हणून तो सगळ्यांना माहितीये, आतला गेला तर वाजत बिजत नाही, नुसता जोर आला की हिसके देतो.

गाडी लिफ्टवर घेतली. डावा एक्सल हातानं हलवला तर आतला जॉइंट चांगलाच ढिला. आणि वर बघतो तर स्प्रिंगच्या वेढ्यांत निळे रबरी बफर. माझ्या तोंडून गेलं, "हे कुठल्या शहाण्यानं कोंबलेत?"

सर एकदम शांत. "तूच की. पावसाळ्याआधी. आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर खाली घासतो म्हणून आलतो ना."

पोरगं लिफ्टच्या पलीकडं जाऊन हसत होतं. मला खरंच आठवत नव्हतं, दिवसाला असली बारकी कामं किती होतात, पण बफर माझ्याकडचेच होते. त्या बफरनी गाडी पुढनं इंचभर उचललेली. गाडी उचलली की एक्सल तिरका होतो आणि या गाडीत डावा एक्सल आखूड, त्यामुळं त्याचाच कोन जास्त वाढतो, वरनं जोर दिला की गाडीचं नाक अजून थोडं वर येतं. जॉइंट आधीच जुना, त्यात सहा महिने वाकड्यात चाललेला. उघडला तर रोलर ज्यात फिरतात त्या कपाच्या आत रोलरनं नखाला लागतील अशा खाचा पाडलेल्या. खात्री करायची म्हणून आधी नुसते बफर काढून एक चक्कर मारलेली, थरथर निम्म्यावर आली पण गेली नाही.

जॉइंट दुपारी आला. नव्या जॉइंटबरोबर पाकिटात जे ग्रीस येतं तेच आणि तेवढंच भरायचं, डब्यातलं बेअरिंगचं ग्रीस ठोकायचं नाही, हे पोरग्याला मी तिसऱ्यांदा सांगितलं. संध्याकाळी समर्थ मंदिरावरनं यवतेश्वर घाटात गेलो, मुद्दाम चौघं बसून. तिसऱ्यात पूर्ण दाबली, मोबाईलवर रेघ सपाट.

मजुरी घेतली नाही, सरांनी पण फार आग्रह केला नाही. उतरताना म्हणाले, "आणि तो स्पीडब्रेकर?"

"तिरकी घाला सर. एक एक चाक."