मामाचा पाम आणि अर्धा राहिलेला तिसरा अंक

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गोव्यातल्या प्रियोळहून मामीचा फोन आला. "बाय, शाकारणीला माणसं येताहेत, माडी रिकामी करायची आहे. मामाचा कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊ?" मी शाळेच्या ग्रंथालयात होते. "कशालाही हात लावू नकोस, मी संध्याकाळी येते," एवढंच बोलले आणि सुट्टीचा अर्ज लिहायला घेतला.

मामा बोटीवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होता. आठ महिने दर्यावर आणि उरलेले घरी. घरी असला की जत्रेच्या नाटकाची तालीम. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात गावचीच माणसं मराठी नाटक उभं करतात. मामाने त्यांच्यासाठी तीन नाटकं लिहिली आणि चौथं लिहायला घेतलं होतं. चौथ्याचा तिसरा अंक राहिला असं सगळे म्हणायचे. मामाला जाऊन चार वर्षं झाली. तो अंक खरंच राहिला होता, की कुठेतरी लिहून ठेवलेला होता, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

माडीवर २००३ साली घेतलेला पेंटियम फोर होता. शेजारी बिस्किटांच्या डब्यात सतरा फ्लॉपी, काही सीडी, एक गुंडाळलेली केबल आणि मामाचा पाम एम-१००. सिंगापूरहून आणलेलं ते खिशात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डायरीसारखं छोटं यंत्र मला लहानपणी हातात धरायलाही मिळत नसे. मामा खिशातून काडी काढायचा आणि पडद्यावर लिहायचा.

कॉम्प्युटर चालू करून बघण्याचा मोह फार झाला. केला नाही, ते बरं झालं. २०१६ नंतर त्याला वीज लागलेली नव्हती, म्हणजे मधले सगळे पावसाळे तो त्या माडीवर ओल पीत बसला होता. झाकण उघडलं तर पंख्याच्या जाळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, तळाला पालीच्या अंड्यांची टरफलं. मदरबोर्डवरचे चार कपॅसिटर वरून फुगलेले होते. त्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांचे कपॅसिटर असेच फुगून जात. तशा अवस्थेत बटण दाबलं असतं तर आतल्या डिस्कला काय झालं असतं, कोण जाणे. मला हवी होती ती फक्त डिस्क. चार स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतली आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणबंद डब्यात दोन दिवस ठेवली.

डिस्क आयडीई जातीची, चाळीस पिनांची, ४० जीबीची. आजच्या लॅपटॉपला ती थेट लागत नाही. पणजीला जाऊन यूएसबी अडॅप्टर आणला, तो चालेना. ही साडेतीन इंची डिस्क फिरायला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून येतात ५. मी आणलेल्या अडॅप्टरला वेगळी वीज जोडायची सोयच नव्हती. पुन्हा पणजी, पुन्हा दुसरा अडॅप्टर. या वेळी डिस्क फिरली. तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

आणि लगेच विंडोजने विचारलं, डिस्क फॉरमॅट करायची आहे का?

हे वाक्य ज्यांना कधी दिसेल त्यांना माझी कळकळीची विनंती, तिथे "हो" म्हणू नका. विंडोजला डिस्कवरची मांडणी नीट वाचता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. आतलं साहित्य जागच्या जागी असू शकतं. मी डिस्क काढून फोंड्यातल्या एका दुकानात नेली. "मॅडम, गेली ही. वाचलेच तर फोटो आणि माय डॉक्युमेंट्स काढून देतो," असं तिथे सांगितलं. त्यांनी पाचच मिनिटं बघितली, पण डिस्क त्यांच्याकडे ठेवायला माझं मन तयार होईना. पुढे कळलं, नुसतं माय डॉक्युमेंट्स काढलं असतं तर मामाची निम्मी वस्तू तिथेच राहिली असती.

शाळेत कॉम्प्युटर शिकवणारे सर आहेत. त्यांनी मला पहिला धडा दिला तो असा: आजारी डिस्कमधून फाइली शोधत बसायचं नाही. ती किती वेळ फिरेल याचा भरवसा नसतो. आधी अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढायची, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत, आणि मग जे काही करायचं ते त्या प्रतीवर. त्यासाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागा बाजूला ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे परत वळतो. कुठवर आलो याची नोंद तो एका वेगळ्या फाइलीत ठेवत जातो.

प्रत ठेवायला घरातली ५०० जीबीची बाहेरची डिस्क घेतली. चौथा जीबी भरला आणि काम थांबलं. ती टीव्हीला लावण्यासाठी एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली होती आणि त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी एक फाइल मावतच नाही. डिस्कवर जागा शेकड्यांनी शिल्लक, तरी उपयोग नाही. त्यातलं सगळं लॅपटॉपवर उतरवून ती वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

निरोगी डिस्कला यात अर्धा-पाऊण तास लागला असता. मला रात्र लागली. मध्यरात्री वारा सुटला आणि लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण अडॅप्टरची वीज गेल्यामुळे मामाची डिस्क मध्येच थांबली. अंधारात मी तिच्यावर हात ठेवून बसले होते. एरवी मी इतकी घाबरत नाही. पहाटे लाईट आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली आणि नोंदीच्या फाइलीमुळे काम थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. सकाळी आठच्या सुमारास संपलं. सगळ्या डिस्कमधले २१२ केबी तेवढे वाचले गेले नाहीत. ते नेमके कुठल्या फाइलीत आहेत हे सरांनी शोधून दिलं. विंडोज स्वतःच्या कामासाठी वापरते त्या पेजफाइलमध्ये होते. मामाचं एक अक्षरही गेलेलं नव्हतं.

नाटकांच्या फाइली सापडल्या, पण उघडल्यावर मराठीऐवजी टिंबं आणि मात्रा लावलेली रोमन अक्षरं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणारी पद्धत, घरोघरी पोचायच्या आधी मराठी टायपिंग असंच व्हायचं. फाइलीत खरं तर रोमन अक्षरांचेच संकेत असत आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवत असे. फॉन्ट नसेल तर वाचता येत नाही. मामाने डीव्हीबी-टीटी घराण्यातला एक फॉन्ट वापरला होता आणि तो त्याच डिस्कवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये होता. दुकानात माय डॉक्युमेंट्स तेवढं घेतलं असतं तर हा फॉन्ट आला नसता. तो लॅपटॉपवर घातला आणि पहिल्या नाटकाची नांदी पडद्यावर उभी राहिली.

आधी प्रत्येक फाइलीची त्याच फॉन्टमध्ये पीडीएफ करून ठेवली, म्हणजे मूळ कसं दिसत होतं याचा पुरावा राहतो. मग कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणला. तो शब्दन्‌शब्द तपासावा लागतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलटं. कन्व्हर्टर या जागा बदलतो, पण जोडाक्षर आलं की चुकतो. "स्थिती"ची वेलांटी हलली, "ऱ्या" तर कित्येक ठिकाणी मोडला. पीडीएफ शेजारी ठेवून मी रोज रात्री आठ-दहा पानं दुरुस्त करत गेले. तीन नाटकं पूर्ण झाली. चौथ्याचे दोनच अंक होते.

तिसरा अंक कुठेच नव्हता.

फ्लॉपींत शोधला. सहांवर पांढरी बुरशी दिसत होती. त्या ड्राइव्हमध्ये घातल्याच नाहीत, कारण बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या डोक्याला लागली की पुढच्या चांगल्या फ्लॉपीही खराब होतात. उरलेल्या अकरांपैकी नऊ वाचल्या. त्यांत बोटीच्या ड्युटीचे तक्ते आणि नाटकांच्याच जुन्या प्रती होत्या. मग राहिला पाम.

पाम एम-१०० मध्ये २ एमबी मेमरी असते आणि तीसुद्धा रॅम, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणारी. रिमोटमध्ये घालतात ते दोन बारीक सेल त्यात बसतात. सेल बदलायला मिनिटभर मिळतो, त्याहून उशीर झाला की सगळं पुसलं जातं. मामाने शिस्तीने सेल काढून ठेवले होते, म्हणून आत गंज नव्हता. पण त्यामुळेच मेमरी केव्हाच रिकामी झाली होती. नवे सेल घातल्यावर त्याने माझं स्वागत कोऱ्या यंत्रासारखं केलं आणि पडद्यावरच्या खुणांवर काडी टेकवायला सांगितलं.

मामा मात्र पाम कॉम्प्युटरला जोडून हॉटसिंक करत असे. त्यात यंत्रातल्या साहित्याची प्रत कॉम्प्युटरवर उतरते. डिस्कच्या प्रतीत मुळाशीच पाम नावाचं फोल्डर होतं, त्यात मामाच्या नावाचं छोटं रूप आणि आत पत्ते, तारखा, टिपणं, बॅकअप. शेवटचं हॉटसिंक २००९ चं.

इथे मी सगळ्यात जास्त जपून वागले. हॉटसिंक दोन्ही बाजू सारख्या करतं. दिशा चुकली आणि रिकामं यंत्र भरलेल्या कॉम्प्युटरवर उतरलं, तर कॉम्प्युटरही रिकामा होतो. मोबाइलवरचा फोटो पुसला की सिंक केलेल्या दुसऱ्या जागीही तो जातो, तसंच हे. आम्ही आधी त्या फोल्डरच्या दोन प्रती काढून वेगळ्या ठेवल्या.

शाळेच्या लॅबमध्ये कोपऱ्यात जुन्या विंडोज एक्सपीवर चालणारा एक कॉम्प्युटर पडून होता, मागे सीरियल पोर्ट, म्हणजे पामची केबल बसेल असं जुनं तोंड असलेला. हेडबाईंची परवानगी घेतली. इंटरनेटची वायर काढून ठेवली, कारण एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या एप्रिल २०१४ मध्येच बंद झाल्या. मामाच्या सीडीवरून पामचा प्रोग्राम घातला, त्याचं अख्खं फोल्डर त्याच जागी ठेवलं, गुंडाळलेली केबल जोडली आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. सरांनी यंत्राच्या तळाशी असलेले तांबूस संपर्कबिंदू खोडरबराने घासले. तिसऱ्या खेपेला चढता सूर वाजला आणि कॉम्प्युटरने विचारलं, हे यंत्र कुणाचं? यादीत एकच नाव होतं. मी ते निवडलं. रिकाम्या यंत्राला जुनं नाव दिलं की त्याचं सगळं साहित्य परत भरलं जातं, हे मी वाचलं होतं, पण डोळ्यांसमोर होताना बघणं वेगळं.

एम-१०० मध्ये नोट पॅड म्हणून एक सोय आहे. त्यात टाइप करायचं नसतं, काडीने जसं लिहू तसं चित्र राहतं. त्या यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून मामाने मराठी हातानेच लिहिली होती. छोट्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर त्याचं तिरपं अक्षर. एकेका पानावर दोन-तीन ओळी. "अंक ३, प्रवेश १. पहाट. घुमट आतून." मग पात्रांची नावं, संवाद, खोडलेल्या जागा. अशी ८४ पानं. बोटीवर, पाळ्यांच्या मधल्या वेळात लिहिली असणार. काही पानांवर कडेला अक्षांश-रेखांश होते.

प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि त्याच रात्री त्या फोटोंच्या प्रती केल्या. आता सगळं तीन जागी आहे: माझ्या लॅपटॉपवर, सिलिका जेलसह डब्यात ठेवलेल्या डिस्कवर आणि पुण्याला मामेबहिणीकडे. डब्यातली डिस्क शिगम्याला आणि चतुर्थीला बाहेर काढायची, फाइलींचे चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारे आकडे) जुळवायचे आणि कुठलीही एक फाइल उघडून खरंच वाचायची, असं ठरवलंय. चतुर्थीला बहीण प्रियोळला येते तेव्हा तिची प्रतही तिथेच तपासून होईल.

शनिवारी मामीकडे पाम घेऊन गेले. शाकारणी झाली होती, माडी धुऊन काढलेली. मामी चष्मा लावून दारात उजेडाला बसली. पहिली सात-आठ पानं ती काही बोलली नाही. मग एका पानावर थांबून म्हणाली, "ही माझी ओळ आहे. मी त्याला फोनवर सांगितलेली." तिने यंत्र माझ्या हातात परत दिलं नाही. सेल कुठले घालायचे आणि किती वेळात बदलायचे, ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं.