तुम्ही विचारलंत म्हणून: लेसरची फ्रिक्वेन्सी कशाला हलवायची?

फायबर कम्युनिकेशन शिकणारी मुलं मला हमखास विचारतात: लेसरचा प्रकाश कमीजास्त करून एक आणि शून्य पाठवता येतात, मग त्याची फ्रिक्वेन्सी हलवण्याची उठाठेव कशासाठी? प्रश्न रास्त आहे.

आधी थोडक्यात पूर्वपीठिका. 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशाची फ्रिक्वेन्सी असते सुमारे 193 टेराहर्ट्झ. एवढ्या वेगाच्या लहरी फोटोडायोडला, म्हणजे प्रकाशाचा करंट करणाऱ्या रिसीव्हरच्या घटकाला, मोजता येत नाहीत, त्याला फक्त प्रकाशाची शक्ती कळते. पण आलेल्या क्षीण प्रकाशात रिसीव्हरकडच्या दुसऱ्या लेसरचा प्रकाश मिसळला, की दोघांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक विद्युत संकेत होऊन हाती येतो, आणि तोही वाढवलेल्या रूपात. हे हेटरोडाइन तंत्र. 1980 च्या दशकात याच्यामुळे रिसीव्हरची संवेदनशीलता 10 ते 20 डेसिबलने सुधारण्याची आशा होती. म्हणजे तेवढ्याच शक्तीत कितीतरी लांबचा पल्ला.

या पद्धतीत माहिती फेजमध्ये, म्हणजे लहर आवर्तनाच्या कुठल्या टप्प्यावर आहे त्यात, भरता येते, पण त्यासाठी अगदी स्थिर लेसर लागतो. त्या काळच्या डीएफबी लेसरची (आतल्या जाळीमुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा सेमीकंडक्टर लेसर) लाइनविड्थ, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पसारा, अनेक मेगाहर्ट्झ, म्हणजे फेज सतत भरकटलेली. शिवाय बाहेरचा मॉड्युलेटर लावला की तिथे प्रकाश वाया जातो. फ्रिक्वेन्सी शिफ्ट कीइंगमध्ये, म्हणजे एफएसकेमध्ये, एकासाठी एक फ्रिक्वेन्सी आणि शून्यासाठी दुसरी. दोन्हींमध्ये पुरेसं अंतर ठेवलं तर लाइनविड्थ बरीच खपून जाते. आणि फ्रिक्वेन्सी हलवायला वेगळं उपकरण नको, लेसरचा करंट काही मिलिअँपिअरने बदलला की पुरे.

खरी गंमत इथून सुरू होते, आणि माझा जीव अडकलाय तोही इथेच.

करंट वाढवला की लेसरच्या आत दोन गोष्टी होतात. चिप तापते, अपवर्तनांक वाढतो, फ्रिक्वेन्सी खाली येते. त्याच वेळी इलेक्ट्रॉन-होलची घनता थोडी वाढते, त्यामुळे अपवर्तनांक घटतो आणि फ्रिक्वेन्सी वर जाते. दोन्ही परिणाम एकमेकांच्या विरुद्ध! थ्रेशोल्डच्या, म्हणजे लेसर पेटतो त्या करंटच्या, वर वाहकांची (म्हणजे याच इलेक्ट्रॉन-होलची) घनता बांधलेली राहते असं पुस्तकात वाचून कुणी आक्षेप घेईल. ती पूर्णपणे बांधलेली नसते. प्रकाश वाढला की गेन, म्हणजे प्रकाश वाढवण्याची क्षमता, किंचित दबतो, आणि ती तूट भरून काढायला घनता थोडी वर सरकते. एफएसकेला तेवढंच पुरतं.

वाहकांचा परिणाम झटपट होतो, उष्णतेचा सावकाश. करंटला चौकोनी लहर द्या, लेसरचा प्रकाश इंटरफेरोमीटरमधून (फ्रिक्वेन्सीतला बदल तीव्रतेतल्या बदलात दाखवणारं उपकरण) न्या आणि ऑसिलोस्कोपवर पाहा. करंट चढताक्षणी फ्रिक्वेन्सी टुणकन वर उडी मारते, आणि मग काही मायक्रोसेकंदांत घसरू लागते, कधी जिथून निघाली त्याच्याही खाली. करंट वर-खाली करण्याचा वेग बदलत प्रतिसाद, म्हणजे फ्रिक्वेन्सी किती हलते ते, मोजला, तर साधारण 100 किलोहर्ट्झ ते काही मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एक खड्डा सापडतो. तिथे उष्णता आणि वाहक एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात, आणि तो ओलांडला की प्रतिसादाची दिशाच उलटते.

आता डेटात लागोपाठ पुष्कळ एक आले तर? लेसर तापत जातो, एकाची फ्रिक्वेन्सी शून्याच्या दिशेने सरकते आणि रिसीव्हर गोंधळतो. बिट सुटे सुटे असताना उत्तम चाललेली लिंक लांबलचक रांगांवर चुका करू लागते. त्यावर उपाय निघाले. मँचेस्टर कोडिंगमध्ये प्रत्येक बिटमध्ये करंट वर-खाली दोन्हीकडे जातो, लेसरला तापायला उसंतच मिळत नाही, मात्र बँडविड्थ दुप्पट लागते. करंट देण्याआधी तो खड्डा भरून काढणारं सर्किट लावता येतं. आणि सर्वांत देखणा उपाय म्हणजे लेसरचा इलेक्ट्रोडच दोन-तीन भागांत तोडून, प्रत्येक भागाला वेगळा करंट देऊन प्रतिसाद सपाट करणं.

मग हे एफएसके मागे का पडलं? 1987 च्या सुमारास अर्बियम घातलेल्या फायबरचा अॅम्प्लिफायर आला. प्रकाश थेट फायबरमध्येच वाढवता येऊ लागल्यावर हेटरोडाइनच्या संवेदनशीलतेची निकड संपली. पुढे कोहेरंट तंत्र, म्हणजे रिसीव्हरकडे दुसरा लेसर मिसळण्याची हीच कल्पना, परतलं ते डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगच्या बळावर, आणि माहिती फेज व अँप्लिट्यूडमध्ये (लहरीच्या उंचीत) भरून.

तरीही फ्रिक्वेन्सी हलवणं संपलं नाही. चर्प मॅनेज्ड लेसर (करंटसोबत होणारी फ्रिक्वेन्सीची हालचाल, म्हणजे चर्प, मुद्दाम बेतलेला लेसर) हे त्याचं सर्वांत सुंदर रूप, असं माझं ठाम मत आहे. 10 गिगाबिटच्या वेगाला एक बिट 100 पिकोसेकंदांचा. करंट असा बेतायचा की शून्याची फ्रिक्वेन्सी एकापेक्षा 5 गिगाहर्ट्झने खाली राहील. एका शून्याच्या अवधीत अर्ध्या आवर्तनाचा फरक पडतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंच्या एकांची फेज एकमेकांच्या उलट होते. फायबरच्या डिस्पर्शनने (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या वेगाने जाण्याने) ते दोन एक पसरून मधल्या शून्यात घुसले, तरी तिथे परस्परांना खोडतात आणि शून्य शून्यच राहतो. सोबत एक ऑप्टिकल फिल्टर, जो वरची फ्रिक्वेन्सी जाऊ देतो आणि खालची दाबतो. एवढ्यावर साध्या फायबरमध्ये डिस्पर्शनची भरपाई न करता 200 किलोमीटरचा पल्ला गाठला गेला.

तुमच्या प्रयोगशाळेत डीएफबी लेसर असेल, तर बिटमधल्या चुका मोजायच्या आधी त्याचा एफएम प्रतिसाद, म्हणजे करंटमागे फ्रिक्वेन्सी किती हलते ते, मोजा, आणि मोजणी 10 किलोहर्ट्झपासून सुरू करा. वरचे गिगाहर्ट्झ सगळेच पाहतात, लिंक अडते ती बहुधा खालच्या टोकाला.