लगामाचं दुसरं टोक

रविवार, रात्री

पडले. सव्वा वर्ष शिकतेय, 'अजून एकदाही पडले नाही हं' असं ऑफिसात मिरवूनही झालं होतं. आज सकाळी साडेसातच्या सुमारास पोपटच्या डाव्या खांद्यावरून घरंगळत खाली आले आणि ओल्या वाळूत बसकण मारली. मोडलंबिडलं काही नाही. माकडहाड ठणकतंय, म्हणून दोन उशा घेऊन हे लिहितेय.

पोपट हा घोडा. चार वर्षांचा, मारवाडी रक्ताचा. दोन्ही कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. मागच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेला. कागदावर त्याचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण शिकायला येणाऱ्या पोरांनी त्याचा पोपट करून टाकला. एरवी मला चिंगी मिळते. चिंगी सतरा वर्षांची. तिच्या पाठीवर किती जण शिकून गेले याचा हिशेब नाही. टाच मारली की ती एक कान मागे वळवते, क्षणभर विचार करते आणि तिला वाटलं तर दुडकी धरते. वळणावर आपण काहीही केलं नाही तरी ती वळते, कारण तिला रिंगण पाठ आहे. अशा घोडीवर वर्षभर बसलं की आपल्याला येतंय असं वाटायला लागतं.

आज चिंगीचा एक नाल ढिला होता, म्हणून आम्हाला शिकवणाऱ्या दफेदारांनी पोपट दिला. त्याच्यावर बसले तर सगळंच वेगळं. चिंगी म्हणजे खाट, हा म्हणजे तापलेला तवा. चालीवर दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. मग दुडकीसाठी टाच लावली. तो उसळून पुढे निघाला, मी घाबरले आणि लगाम छातीशी ओढला. तो थांबला. मी पुन्हा टाच लावली, हात मात्र तसेच ओढलेले. तो मागे सरकायला लागला. तिसऱ्यांदा जोरात टाच मारली, तेव्हा जागच्या जागी गर्रकन उजवीकडे फिरला. मी जिथे होते तिथेच राहिले, म्हणजे हवेत.

उठून पाहते तर साहेब कुंपणाशी जाऊन लसूणघास खातायत.

दफेदार धावत वगैरे आले नाहीत. हातपाय हलवून दाखवायला सांगितले, हेल्मेट काढून मान बघितली आणि म्हणाले, "ताई, टाचंनं म्हणताय चल, हातानं म्हणताय थांब. त्या जनावरानं ऐकायचं कुणाचं?"

सोमवार

जिना उतरताना कठडा धरावा लागला. आईला फोनवर सांगायला नको होतं. "सेहेचाळिसाव्या वर्षी घोडं! बरं झालं, थोडक्यात गंगेत न्हालं." मग तिनंच विचारलं, "मांड सुटली का गं?" हा शब्द तिच्या वडिलांचा. मांडीची पकड म्हणजे मांड, एवढंच मला वाटायचं. पण पकडीनं मांड बसत नाही, उलट सुटते. मांड्या आवळल्या की आपण चिमट्यातून निसटलेल्या साबणासारखे वर सरकतो. वजन खाली टाचेत सोडायचं आणि कंबर त्याच्या पाठीबरोबर हलू द्यायची. ऐकायला सोपं आहे.

बुधवार

बसायचं नव्हतं, तरी संध्याकाळी तबेल्यात गेले. नालबंद आला होता. चिंगीचा पुढचा पाय त्यानं दोन गुडघ्यांत धरला होता आणि कानशीनं खूर घासत होता, वाळूत पांढऱ्या चकत्या पडत होत्या. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी असते, तिला दुखत नाही. खिळा त्या भिंतीतच ठोकायचा आणि तिरका बाहेर काढायचा. जरा आत गेला तर घोडं लंगडं. तो बोलत बोलत ठोकत होता आणि आवाज बदलला की थांबत होता. खिळा कुठे चाललाय ते त्याला ठोक्याच्या आवाजावरून कळतं. साधारण सहा आठवड्यांनी हे सगळं पुन्हा. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पखालीनं पाणी आणणारा, आणि एक नालबंद असे. शाळेत ही ओळ पाठ केली होती, पण नालबंद पाण्याच्या बरोबरीनं का मोजला जातो हे आज समोर बघितलं.

त्याच पागेतला दुसरा शब्द म्हणजे बारगीर. घोडा सरकारचा, बसणारा आपला. स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार. त्या हिशेबानं मी बारगीर, तेही पाऊण तासाची. घोड्याचे पैसे, चारा, डॉक्टर, रात्री पोटात कळ आली तर त्याला जागून फिरवत राहणं, यातलं काहीच माझ्याकडे नाही. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटदुखी म्हणजे तबेल्यात सगळ्यांची झोप उडते. हे सगळं घोड्यांची निगा राखणारा सईस पोरगा करतो. मी रविवारी येते, खरारा केल्यासारखं करते, फोटो काढते.

लहानपणी माथेरानला दस्तुरी नाक्यावरून घोड्यावर बसून गेलो होतो. पुढे घोडेवाला लगाम धरून चालत होता आणि मी वर बसून 'हुर्रर्र' करत होते. आपण घोडा चालवला अशी माझी पक्की समजूत होती. खरं तर ती सव्वा वर्षापूर्वीपर्यंत होती.

इथे यायच्या आधी दुसरीकडे दहा दिवसांचं पॅकेज घेतलं होतं. कुठे ते लिहीत नाही. एकामागे एक आठ घोडी, वर आम्ही, मध्ये उभा राहून एक जण ओरडणार, "खेच! मार!" चौथ्या दिवशी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सोडताना माझ्या घोडीच्या पोटाखाली रुपयाएवढी जखम दिसली, ओली. विचारलं तर म्हणाले, "त्यांना काही होत नाही मॅडम." पैसे परत मिळाले नाहीत. आणि खरं सांगायचं तर पाचव्या दिवशीही मी गेले होते. सहाव्या दिवसापासून नाही गेले. तो एक दिवस अजून टोचतो.

शनिवार

आज घोडा नाहीच. दफेदारांनी एक जुना लगाम आणला, तोंडातल्या कडीसकट, आणि मला म्हणाले, "तुम्ही घोडं व्हा."

कडी माझ्या दोन्ही मुठीत. लगामाची टोकं माझ्या मागे चार हातांवर त्यांच्याकडे. डोळे मिटायचे आणि हाताला जाणवेल तसं चालायचं. लष्कराच्या घोडदळात, जयपूरच्या ६१ कॅव्हलरीत, उमेदीची वर्षं घातलेला माणूस. त्या रेजिमेंटला आजही घोडे आहेत. बोटं जाडजूड, भेगाळलेली. मी ओढ येईल म्हणून वाट बघत उभी. ओढ आलीच नाही. उजव्या मुठीत काहीतरी हललं, भिजलेला स्पंज कुणी हलकेच दाबावा तेवढंच. मी उजवीकडे वळले. वळल्याबरोबर ते हललेलं गेलं. मग दोन्हीकडे सारखं काहीतरी आलं आणि राहिलं, मी थांबले, ते पुन्हा गेलं. पाच मिनिटांत आम्ही अख्खं रिंगण फिरलो आणि एक शब्द बोललो नाही.

"आता तुमचा हात दाखवतो," ते म्हणाले.

पहिल्याच हिसक्याला कडी बोटांच्या सांध्यावर आदळली. पुढे निघाले तर ओढ, थांबले तरी ओढ, वळले तर दुसऱ्या बाजूनं धक्का. कशासाठी चाललंय ते कळेना आणि मग मला चक्क राग आला. एका क्षणी मी कडी धरून स्वतःच मागे सरकले. डोळे मिटलेले होते तरी मला कळलं की मी काय करतेय.

माझ्या मुठीत निदान कातडी तरी आहे. घोड्याच्या तोंडात ही कडी पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, जिभेवर आणि नुसत्या हिरडीवर बसते. हे मला माहीत होतं. चित्र पाहिलं होतं, मुलीला समजावूनही सांगितलं होतं.

"चिंगीनं वर्षभर सोसलं म्हणायचं," मी म्हटलं.

"सोसलं नाही, सोडून दिलं. तिनं तुमचा हात ऐकणंच बंद केलंय. पोपट अजून ऐकतो. म्हणून तर पडलात."

मग सांगत बसले, पोपटला कसा तयार केला ते. आधी नुसती म्होरकी, मग लांब दोरीवर गोल फिरवणं. याला जुना शब्द कावा. 'कावा देणे' म्हणजे घोडा गोल फिरवणे, आणि मी आजवर कावा म्हटलं की फक्त गनिमी कावाच आठवायचे. मग पाठीवर घडी केलेलं पोतं, मग रिकामं खोगीर, मग सईस पोरगा पोत्यासारखा आडवा पडून. पाय टाकून बसला तो कितीतरी दिवसांनी. त्याचं काही चुकलं की एक पायरी मागे. एवढी मेहनत करून तयार केलेलं तोंड, आणि मी तीन मिनिटांत काय केलं!

रविवार

आज पुन्हा पोपट. मीच म्हटलं. तंग आवळताना त्यानं पोट फुगवून धरलं, हे सगळेच करतात. दोन मिनिटं चालवून पुन्हा एक भोक आवळावं लागलं. समोरून कपाळावर हात नेऊ नका, तिथे त्याला दिसत नाही, हे सईस पोराला आज सांगावं लागलं नाही.

दफेदारांनी लांब दोरी लावली, लगामाला गाठ मारून ती आयाळीवर ठेवली आणि माझे हात कमरेवर. दुडकी. धरायला काही नाही म्हटल्यावर पाठ आपोआप ऐकायला लागली. एक-दोन, एक-दोन, तिरके पाय जोडीनं पडतात ते खोगिरातून कळायला लागलं आणि उठ-बैस त्यात बसली. मग लगाम हातात दिला. चालीवर एक फेरी, दुसरी फेरी. थांबायच्या जागी मी श्वास सोडला, बूड जड केलं आणि करंगळीशेजारचं बोट मिटलं. ओढलं नाही. देवाशपथ ओढलं नाही.

एक पाऊल, दुसरं पाऊल. तो थांबला. चारी पाय सरळ. मी बोट सोडलं, त्यानं मान लांब करून नाक फुरफुरवलं आणि तिथेच लीद टाकली.

पुन्हा करून बघायची अशी काही हाव सुटली होती! मी टाच लावणार एवढ्यात दफेदार म्हणाले, "उतरा."

"अहो, वीसच मिनिटं झालीत."

"झाली की. आता बिघडवायचंय का त्याला?"

पैसे पंचेचाळीस मिनिटांचे भरलेत. हे मी मनात म्हटलं, तोंडावर दिसलं असणार. उतरले, पाय ठेवायच्या रिकिबी वर सरकवल्या, तंग दोन भोकं सैल केला आणि राहिलेली पंचवीस मिनिटं त्याच्या डाव्या खांद्याशी चालत रिंगणाबाहेर फेऱ्या मारल्या. लसूणघासाच्या ढिगाशी तो थांबला. तिथे मी काहीच सांगितलं नव्हतं.