तुम्ही विचारलंत म्हणून: मी टेबलाखाली का बघते

"मॅडम, कल्चर समजून घ्यायचंय तर माणसांशी बोला ना. भिंती आणि खुर्च्या काय बघत बसता?"

नाशिकच्या औद्योगिक भागातल्या, अंबडच्या नाहीतर सातपूरच्या, कुठल्याही कंपनीत तिथलं कल्चर, म्हणजे कामाची संस्कृती, अभ्यासायला गेले की पहिल्या तासाभरात हा प्रश्न येतोच. कधी एचआरवाले विचारतात, कधी मालक स्वतः. परवा वर्गातल्या एका मुलीनेही विचारला, म्हणून एकदा नीट लिहिते.

माणसांशी मी बोलतेच. पण बाहेरून आलेल्या, तीही साहेबांनी बोलावलेल्या बाईला पहिल्याच दिवशी मनातलं कोण सांगणार? "सगळं छान आहे मॅडम" असंच उत्तर येतं. ते खोटं नसतं, सावध असतं. ज्याचं घर पगारावर चालतं त्याने सावध असायलाच हवं. म्हणून मी आधी वस्तू बघते. त्या कोणी आणल्या, कोणी हलवल्या, कोणी लपवल्या, हे बघते.

अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला आठ बायका होत्या. उंच टेबल, सगळं काम उभ्याने. भिंतीवर फाइव्ह एसचा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीचा, चकचकीत बोर्ड, जमिनीवर पिवळे पट्टे, जिथली वस्तू तिथे. मी खाली वाकले तर कार्टनच्या मागे एक निळा क्रेट उलटा ठेवलेला. त्यावर बबल शीटची चौघडी आणि चारी बाजूंनी पॅकिंगची टेप. टेपच्या कडा झिजल्या होत्या आणि झिजलेल्या टेपवर नवी टेप चढवलेली होती, म्हणजे ही बैठक बऱ्याच दिवसांची. तेवढ्यात दारात मॅनेजर दिसले. कडेच्या ताईंनी हातातलं काम न थांबवता पायाने क्रेट आत सरकवला.

त्या एका हालचालीत मला जेवढं कळलं तेवढं दहा मुलाखतींत कळलं नसतं. यांना बसायची गरज आहे. बसलेलं दिसणं इथे धोक्याचं आहे. क्रेट एक आणि बायका आठ, म्हणजे पाळ्या ठरलेल्या आहेत आणि त्या पाळल्या जातात. पुढे एक गोष्ट आणखी कळली. तिथे प्रत्येक क्रेटला नंबर होता, आणि या लपवलेल्या क्रेटच्या नंबरपुढे सुपरवायझरने रजिस्टरमध्ये "फुटला" असं लिहून ठेवलं होतं. तोंडाने तो त्यांच्या बाजूने कधीच बोलला नव्हता.

उभ्याने काम करावं लागणाऱ्यांना मधे सवड मिळाली तर टेकता यावं म्हणून बसण्याची सोय हवी, असं 1948 च्या कारखाने कायद्याचं कलम 44 सांगत होतं. त्या बायकांनी कायदा वाचला नव्हता. कायद्यातली सोय त्यांनी चोरून स्वतःच करून घेतली होती.

क्रेटचं मी कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो उचलला गेला असता. अहवालात मी स्टुलं मागितली. ती आलीही. पण पहिले पंधरा दिवस त्यांवर कोणी बसलं नाही, कार्टन ठेवायला वापरली गेली. एक दिवस चहाच्या वेळी सुपरवायझर स्वतः स्टुलावर टेकला आणि तिथेच बसून चलनावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवसापासून बायका बसायला लागल्या.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात शिकवणाऱ्या एडगर शाइन यांनी संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर मांडले: वर डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू, मधे आपण सांगतो ती मूल्यं, आणि तळाशी कोणी बोलून दाखवत नाही अशी गृहीतकं. वर्गात हे शिकवताना मला नेहमी ती स्टुलं आठवतात. "आम्ही कामगारांची काळजी घेतो" हे गेटवर लिहिलेलं होतं. तळाशी होतं, "बसलेलं माणूस कामचोर." स्टुलं आणायला एक टेम्पो पुरला, तळ हलायला कोणीतरी सर्वांसमोर बसावं लागलं.

शाइन यांनी हेही बजावलं होतं की वरचा थर दिसायला सोपा असतो आणि उलगडायला अवघड. ते मी स्वतः चूक करून शिकले. सातपूरच्या एका युनिटमध्ये सूचनापेटीचं कुलूप गंजलेलं होतं, किल्ली कोणाकडे ते माहीत नाही. मी लिहून मोकळी झाले की इथे बोलायला वाव नाही. तिथल्या एका जुन्या फिटरकाकांना ते लागलं. म्हणाले, "ताई, पेटीत टाकायला आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे? साहेब रोज आमच्याच टेबलावर डबा खातात. जे असेल ते बोलणं तिथेच होतं." मी कॅन्टीन सकाळी अकराला बघितलं होतं, रिकामं. साहेबांसाठी वेगळी खोली नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं. अहवाल परत घेतला, माफी मागितली. तेव्हापासून शिफ्ट बदलताना, जेवणाच्या सुट्टीत आणि सुट्टी संपल्यावर, अशी तीनदा जागा बघितल्याशिवाय मी एक ओळही लिहीत नाही.

ऑफिसांचंही तेच. केबिन काढल्या की लोक मोकळेपणाने बोलतील, असा समज आपल्याकडेही पसरलाय. ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत लोकांच्या अंगावर सेन्सर लावून मोजलं. भिंती गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी कमी झालं आणि ईमेल वाढले. त्र्यंबक रोडवरच्या एका ऑफिसात मी हेच बघितलं. मोठा मोकळा हॉल, प्रत्येकाच्या कानात हेडफोन, आणि खरं बोलणं जिन्यात. पण जिना दिसला म्हणून निष्कर्ष काढायचा नाही, जिन्यात जाऊन उभं राहायचं.

वर्गातल्या त्या मुलीने शेवटी विचारलं, "मग मॅडम, सगळ्यात आधी काय बघायचं?" मी सांगितलं, ठेकेदारामार्फत कामाला आलेली माणसं डबा कुठे ठेवतात ते बघ. पर्मनंटवाल्यांना लॉकर असतात. सिन्नरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून आलेल्या कामगार मुलांनी सायकल स्टँडच्या भिंतीवर ओळीने खिळे ठोकले होते, डब्याच्या पिशव्या अडकवायला. प्रत्येक खिळ्याखाली मार्करने नाव. एचआरकडे मी त्या मुलांची यादी मागितली तेव्हा, ती ठेकेदाराकडे असते, असं उत्तर मिळालं. म्हणून भिंतीवरची सतरा नावं मी वहीत उतरवून घेतली. महिन्याने परत गेले तर पाच नावांवर काट मारलेली होती आणि त्याच खिळ्यांखाली, थोड्या वेगळ्या अक्षरात, पाच नवी नावं होती.