तरुणांचा रविवार

रविवार, रात्र

आज आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुणांचा रविवार होता. उपासना चालवण्यापासून शास्त्रवाचनापर्यंत आणि गीतांपासून अर्पण गोळा करण्यापर्यंतची सगळी सेवा तरुण संघाकडे सोपवलेली होती, आणि पाळकसाहेबांनी आपला संदेश थोडक्यात आटोपून उरलेला वेळ आमच्या साक्षींसाठी, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव उभे राहून सांगण्यासाठी, राखून ठेवला होता. दुपार गेली, संध्याकाळी पाहुणे येऊन गेले, तरी सकाळी ऐकलेले बोल मनातून हलत नाहीत, म्हणून निजण्याआधी ते लिहून ठेवते आहे.

साक्ष द्यायची म्हणजे नेमके काय बोलायचे, यावर संघाच्या बैठकीत बराच खल झाला होता. आमच्यापैकी बहुतेकजण मंडळीतच जन्मलो. तान्हेपणी बाप्तिस्मा झाला, रविवारच्या शाळेत वचने पाठ केली, नाताळच्या नाटिकेत मेंढपाळ झालो, कळत्या वयात वर्ग पूर्ण करून दृढीकरण (आपल्या विश्वासाची स्वतः दिलेली जाहीर कबुली) घेतले आणि प्रभुभोजनात सहभागी होऊ लागलो. विश्वास नव्याने जागवणाऱ्या उज्जीवन सभांमधून ज्या साक्षी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, त्यांत मात्र एक ठरावीक दिवस असतो: व्यसन सुटल्याचा, असाध्य दुखण्यातून उठल्याचा, आत्महत्येच्या विचारापासून मागे फिरल्याचा. ज्यांनी ते भोगले त्यांच्या साक्षी ऐकताना माझ्या अंगावर आजही काटा येतो आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण आमच्यातला एकजण बैठकीत सरळ म्हणाला, “माझ्या आयुष्यात तसं काही घडलंच नाही, मग मी उभा राहून सांगू काय?” त्यावर लगेच कोणाकडेच उत्तर नव्हते.

उत्तर मला बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत सापडले. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला तारुण्याविषयीचा उपदेश तरुणांच्या रविवारी हमखास वाचला जातो: तुझ्या तारुण्याला कोणी कमी लेखू नये, बोलण्यात, वागण्यात, प्रीतीत, विश्वासात आणि शुद्धपणात तू इतरांचा कित्ता हो. त्याच तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल त्याच्या विश्वासाची आठवण काढतो ती कशी? हा विश्वास पहिल्याने तुझी आजी लोईस आणि तुझी आई युनीके यांच्या ठायी होता, असे तो म्हणतो. ज्या तरुणाला त्याने पुढे मंडळीची जबाबदारी सांभाळायला सांगितले, त्याच्याकडेही सांगण्यासारखा दिमास्कसच्या वाटेवरचा लख्ख प्रकाश, म्हणजे ज्याने पौल ख्रिस्ताकडे वळला तसा प्रसंग, नव्हता. होती ती आजी आणि आई. हे मी पुढच्या बैठकीत वाचून दाखवले, आणि मग प्रत्येकाने आपल्या घरातल्या आणि मंडळीतल्या लोईसविषयी बोलायचे असे ठरले.

एमआयडीसीत लेथवर काम करणारा एक मुलगा सर्वांत आधी उभा राहिला. त्याचे वडील तो शाळेत असताना वारले. अंत्यविधीनंतरच्या दिवसांत मंडळीतले लोक जेवणाचे डबे घेऊन येत ते त्याने सांगितलेच, पण त्याहून त्याच्या मनात राहिले ते पुढचे. महिला मंडळातल्या एका मावशी वर्षभर दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्या घरी येऊन बसत. उपदेश करीत नसत, आईबरोबर भाजी निवडीत आणि उठताना हात धरून प्रार्थना करीत. तो म्हणाला, “देव आहे का, असा प्रश्न मला त्या वर्षी फार पडायचा. पण बुधवार आला की मावशी यायच्या, आणि बुधवारी तो प्रश्न मला पडायचा नाही.” त्या मावशी तिसऱ्या बाकावर बसलेल्या होत्या. आपल्याविषयी कोणी असे बोलेल ही त्यांना कल्पनाच नसावी, कारण त्या सारख्या मागे वळून कोणाविषयी चालले आहे हे पाहत होत्या.

पुण्यात नर्सिंग करणाऱ्या मुलीने रात्रपाळीविषयी सांगितले. वॉर्डातले दिवे मंद झाल्यावर ती मनातल्या मनात गीते म्हणते, आणि ती गीते तिला पुस्तकातून पाठ झालेली नाहीत. घरच्या सांजप्रार्थनेत आजोबा पेटीवर वाजवीत आणि सगळ्यांना म्हणायला लावीत, तशी ती अंगात मुरली आहेत. एखादी रुग्ण घाबरली की ती तिचा हात धरून बसते. धर्माविषयी ती अवाक्षर काढीत नाही, कारण आजाऱ्याच्या असहायतेचा फायदा घेऊन काही सांगणे तिला पटत नाही. मला तिचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. विश्वास सांगायचा तो विचारणाऱ्याला, मोकळेपणाने, आणि समोरच्याला नाही म्हणण्याची पूर्ण मुभा ठेवून. येशूचा शिष्य पेत्र यानेही आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला सांगितले आहे.

माझी पाळी आली तेव्हा मी आजीच्या गीतांच्या पुस्तकाविषयी बोलले. ते पुस्तक आता माझ्याकडे असते. पुठ्ठा सुटला म्हणून त्याला शाईच्या डागांचे जाड कापड चिकटवलेले आहे आणि पाने कडेला तपकिरी झाली आहेत. आजीने कित्येक गीतांच्या शेजारी समासात पेन्सिलीने तारखा आणि नावे लिहून ठेवली आहेत: हे गीत कोणाच्या लग्नात म्हटले, कोणाला मातीत ठेवताना म्हटले, कोणाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला म्हटले. एका गीताशेजारी तर पाच नावे आहेत, आणि पाचही जण आता प्रभूमध्ये निजले आहेत. रविवारी ते गीत लागले की माझा डोळा आधी समासाकडे जातो. मी न पाहिलेली ती माणसे माझ्या शेजारी उभी राहून म्हणत आहेत, हे मला इतके खरे वाटते की त्यांची नावे माहीत नसती तर ते गीत मला अर्धेच कळले असते. मंडळीवर माझे प्रेम का आहे, असे मला कोणी विचारले तर मी ते पान उघडून दाखवीन.

त्याच पुस्तकात ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गीते आहेत, आणि ती आमच्या मंडळीच्या श्वासासारखी झाली आहेत. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पुढच्या आयुष्याचा मोठा भाग आमच्या नगर जिल्ह्यात गेला. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या बोलण्यात अजून नगरच येते.) तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत, आणि म्हणूनच अभंग आणि कीर्तन त्यांना परके वाटले नाही. तरुणांनी मात्र टिळकांइतकेच त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे पाहावे, असे मला वाटते. पतीने धर्म बदलला म्हणून त्या त्याच्या मागोमाग गेल्या नाहीत. त्यांनी दुःख केले, वाद घातला, सोवळेओवळे पाळले, आपल्या डोळ्यांनी पाहिले, आणि मन वळले तेव्हा, 1900 साली, स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षे त्यांना कोणी ओढून नेले नाही, याचे मोल मला दिवसेंदिवस जास्त वाटते. आमच्या संघात काहीजण अजून दृढीकरणाला तयार नाहीत आणि त्यांचे आईवडील त्यांच्यामागे लागले आहेत. त्या आईवडिलांपैकी एका काकूंशी आज उपासनेनंतर मी हेच बोलले. त्या हसल्या, पण त्यांनी ऐकून घेतले.

सर्वांत अवघड साक्ष एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलाने दिली. अभ्यासिकेत त्याला एकाने विचारले होते, “तुमचे लोक ज्वारीसाठीच बाटले ना?” हा प्रश्न आमच्यापैकी प्रत्येकाने कुठे ना कुठे ऐकलेला आहे. कधी तो थट्टेत येतो, कधी तिरस्काराने, आणि ऐकणारा बहुधा मान खाली घालून गप्प बसतो. हा मुलगा गप्प बसला नाही. त्याने शांतपणे सांगितले की होय, माझे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते, विहिरीला हात लावण्याची त्यांना बंदी होती, आणि त्यांना कोणी पहिल्यांदा जवळ बसवून अक्षर शिकवले असेल, तर त्यात मला लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही.

त्याचे बोलणे ऐकताना मला आजीची आजी आठवली. 1899-1900 च्या दुष्काळात आईबापांवाचून उरलेल्या मुलांना मिशनने अनाथाश्रमांत सांभाळले, त्या मुलांत ती होती असे आमच्या घरात सांगतात. ती उपाशी होती आणि तिला जेवू घातले, हे खरेच आहे. पण मदतीचे धान्य पाऊस झाल्यावर बंद झाले आणि तिने प्रार्थना करणे मरेपर्यंत सोडले नाही. तिने आपल्या मुलींना शाळेत घातले, आणि त्या मुलींच्या लेकीसुना शिक्षिका आणि परिचारिका झाल्या. नगरला 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. त्या मिशनच्या सिंथिया फॅरार यांनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या, आणि जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहूनच पुण्यात मुलींसाठी शाळा काढण्याचे मनावर घेतले. हा इतिहास आमचा आहे तसा साऱ्या महाराष्ट्राचा आहे, आणि आमच्या मुलांना तो शाळेच्या पुस्तकाबाहेरून, आपल्या मंडळीतून, मान वर करून सांगता आला पाहिजे. भुकेल्याला खाऊ घालणे हे आमिष ठरवायचे असेल, तर ‘भुकेल्याला दिले ते मला दिले’ असे ख्रिस्त जिथे म्हणतो, त्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायाचे काय करायचे, हे मला कोणी सांगावे.

साक्षींनंतर गीतांवरून थोडी कुजबुज झाली. संघाने गिटार आणि कीबोर्डवर एक नवे हिंदी उपासना-गीत म्हटले आणि काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तरुणांना ती गीते आवडतात आणि त्यांच्या डोळ्यांत ती म्हणताना पाणी येते, ते मी पाहिले आहे, म्हणून त्यांना विरोध करणे मला योग्य वाटत नाही. परंतु टाळ, तबला आणि पेटीवर अभंग म्हणणारी माणसे आमच्या मंडळीत आता फारच थोडी उरली आहेत. कृष्ण रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तनाची जी परंपरा सुरू केली, ती खेड्यांतून तरी अजून टिकून आहे; शहरात ती आमच्या पिढीत संपली, तर नवे गीत ते नुकसान भरून काढू शकणार नाही. चाल कानावाटेच शिकावी लागते, आणि शिकवणाऱ्यांची वये झाली आहेत.

पुढच्या रविवारी आम्ही आजीच्या गावच्या मंडळीत कापणीच्या सणाला जाणार आहोत. त्या सणाची मला फार ओढ आहे. वेदीपुढे बाजरीची कणसे, भोपळे, ऊस, अंडी, कोंबड्या, लोणच्याच्या बरण्या, घरी शिवलेल्या वाकळा असे सगळे मांडलेले असते आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. मागे एकदा मी पाहिलेला लिलाव डोळ्यांपुढून जात नाही. एका म्हाताऱ्या बाबांनी परसातला एकच दुधी भोपळा आणला होता. पहिली बोली वीस रुपयांची झाली. घेणाऱ्याने पैसे दिले आणि भोपळा परत टेबलावर ठेवला, “पुन्हा लावा.” दुसऱ्याने पन्नासला घेतला, त्यानेही परत ठेवला. असा तो भोपळा हातोहात फिरत राहिला, प्रत्येक वेळी पैसे मंडळीच्या पेटीत पडत राहिले, आणि बाबा काठीवर हनुवटी टेकवून आपल्या भोपळ्याची किंमत वाढताना पाहत होते. शेवटी ज्याने तो घेतला, त्याने तो बाबांच्याच सुनेच्या पिशवीत टाकला. विश्वासाविषयी मी अनेक संदेश ऐकले आहेत, आणि ते मला हवेच आहेत. पण दारिद्र्यात राहणाऱ्या माणसाचे देणे त्याचा मान राखून कसे स्वीकारावे, हे मी त्या अंगणात शिकले.

या वेळी जाताना संघातली बारा-तेरा मुले बरोबर येत आहेत, त्यांतली निम्मी पहिल्यांदाच खेड्यातली मंडळी पाहतील. अभ्यासिकेतल्या मुलाला साक्ष द्यायला सांगितले आहे आणि तो तयार झाला आहे. तिथले कीर्तनकार काका आदल्या संध्याकाळी कीर्तन करतात, तेव्हा शनिवारीच मुक्कामाला निघायचे असा माझा आग्रह आहे. कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाला पेटीवर त्यांच्या शेजारी बसवायचे, चाली मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायच्या आणि त्यांच्याकडून किमान दोन अभंग पक्के करून यायचे. काकांना उद्या सकाळी फोन करायचा आहे, आणि गाडीचे भाडे कोण किती देणार हे अजून ठरायचे आहे.